चढावरचं बोलणं

भाऊ नागवेकर संध्याकाळी मांडवीला येतात ते दोन सायकली घेऊन. एकीवर बसतात आणि दुसरी डाव्या हाताने धरून शेजारून चालवत आणतात. वरच्या रत्नागिरीतून खाली समुद्राकडे येणारा रस्ता उताराचा आणि वळणांचा आहे. त्यावर रिक्षावाल्यांपासून पर्यटकांच्या गाड्यांपर्यंत सगळ्यांना घाई असते. अशा रस्त्याने सत्तरी ओलांडलेला एक उंच, काटकुळा माणूस पँटीच्या पायाला क्लिप लावून, दोन्ही घंटा आळीपाळीने वाजवत, दोन सायकलींसह उतरतो. मागची वाहनं आपोआप मिरवणुकीच्या वेगाने चालू लागतात.

भाऊंची स्वतःची सायकल काळी आहे. दुसरी हिरवी, आणि काळीपेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीत. तिच्या सीटवर ऊन-पावसाला कव्हर असतं, साखळीला तेल असतं, चाकांत हवा टच्च असते. काळीच्या मडगार्डचा मात्र मालकालाही कंटाळा आलेला दिसतो.

मागच्या सुट्टीत एका पर्यटकाने विचारलं, "काका, ही दुसरी भाड्याने देता का? बीचवर एक राउंड मारतो."

"बुक आहे," भाऊ म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"निवडणुकीपर्यंत."

तो पर्यटक बिचारा सायकलकडे, मग भाऊंकडे बघत राहिला. भाऊ उमेदवार असावेत आणि सायकल ही त्यांची निशाणी असावी, असा काहीसा हिशेब त्याने मनात मांडला असेल. जाताना त्याने भाऊंना शुभेच्छा दिल्या.

मांडवीला जेटीच्या अलीकडे शैलावहिनींची चहाची टपरी आहे आणि टपरीला लागून चिऱ्यांचा एक गडगा. गडगा म्हणजे आवाराची दगडी भिंत, सिमेंट न लावता रचलेली. ती कोणाच्या आवाराची हे आता कोणालाच सांगता येत नाही. आवार समुद्राने नेलं असावं किंवा नगरपालिकेने. त्या गडग्यावर संध्याकाळी देशाचा कारभार चालतो. भाऊ असतात, मी असतो, रिक्षा लावून मुनाफ येतो, आणि शैलावहिनी चहा गाळता गाळता सगळ्यांना गप्प करतील असं एखादं वाक्य टाकतात. मुनाफला विरोधी पक्षाचं नेहमी पटतं, कारण रिक्षा त्याची आणि रस्ता सरकारचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून भाऊ मला ‘लायब्ररी’ म्हणतात. मला कोणताच पक्ष नाही. याचा मला थोडा अभिमान होता, तो भाऊंनी टिकू दिला नाही.

"लायब्ररी, पक्ष नसलेला माणूस म्हणजे उतारावरची सायकल. पाय मारायला नको, ब्रेक तेवढा दाबायचा."

भाऊ स्वतः मात्र चढाचे. चढ हा त्यांच्या विचारसरणीचा पाया आहे. सपाटीवर माणूस वाटेल ते बोलतो, त्यांचं म्हणणं. उतारावर तर विचारूच नका. सगळी भाषणं उतारावरची. माणूस खरं बोलतो तो चढावर. छातीत दम असतो मोजका, तो खोटं बोलण्यात कोण घालवील? म्हणून कोणी गडग्यावर काही ठासून सांगितलं की भाऊ हात वर करतात. "हां हां. आता हे चढावर बोल."

यात उपमा वगैरे काही नाही. भाऊंना खरोखरच चढ अभिप्रेत असतो, तोही सायकलवरचा.

आता हिरव्या सायकलविषयी. ती गंगाराम मोहित्यांची.

भाऊ आणि मोहिते दोघंही तरुणपणी चिपळूणजवळ अलोऱ्याला धरणाच्या प्रकल्पाच्या कचेरीत कारकून होते. एकाच कॉलनीत, समोरासमोरच्या खोल्यांत. चिपळुणातून दोघांनी एकाच दिवशी सायकली आणल्या. दुकानात एकच काळी होती आणि ती भाऊंनी आधी धरली, ही तक्रार मोहित्यांनी पुढे उभा जन्म केली. भाऊ मांडवीच्या मच्छीवाल्यांच्या घरातले, मोहिते आतल्या गावातले, आंबेडकरी घरातले. पहिल्याच आठवड्यात दोघांच्या लक्षात आलं, की जगातल्या कुठल्याही विषयावर आपलं एकमत होत नाही. इतका आनंद दोघांनाही तोवर कधी झाला नव्हता.

कॉलनीतून कचेरीकडे जाताना एक चढ लागायचा. वाद चढाच्या पायथ्याशी सुरू व्हायचा आणि दोघं बोलत बोलत सायकल मारायचे. नियम एवढाच, की ज्याचा पाय आधी जमिनीला टेकेल तो त्या दिवशीचा वाद हरला. धरणाचं पाणी कोणाला, जमीन गेलेल्यांचं काय, सरकार चांगलं की वाईट, असे मोठमोठे प्रश्न त्या चढावर रोज सकाळी निकाली निघत. पुढे दोघांची बदली रत्नागिरीला झाली. इथे चढाला काय तोटा? मांडवीहून वर मारुती मंदिरापर्यंत रोज संध्याकाळी एक प्रश्न सुटू लागला.

बोलण्याची रीत मात्र दोघांची वेगळी. भाऊ पायथ्यापासून बोलत सुटत. मोहिते गप्प पायडल मारत राहत आणि भाऊंचा दम संपला की एकच वाक्य बोलत. बहुतेक वेळा त्या वाक्याने भाऊंचा पाय जमिनीला लागे.

"दम राखून ठेवायचा मेला," भाऊ आजही चिडून सांगतात. "मी बोलून बोलून अर्धमेला झालो की मग हा तोंड उघडणार. लबाडी नाय ही?"

साठीनंतर दोघंही वळणावरच्या एका विजेच्या खांबाजवळ उतरू लागले. एकाच वेळी, काही न ठरवता. "चेन सुटली," एक म्हणायचा. "माझीही," दुसरा म्हणायचा. मग दोन्ही न सुटलेल्या चेनी ठाकठीक करून दोघं सायकली हातात धरून वर चालत जायचे, वाद पुढे चालू.

त्यांच्या मैत्रीवर एकदाच संकट आलं. राज्यात भाऊंच्या पक्षाने आणि मोहित्यांच्या पक्षाने युती केली. सकाळी पेपर वाचून दोघं सुन्न. संध्याकाळी गडग्यावर येऊन बसले ते नुसते समुद्राकडे बघत. शैलावहिनींनी विचारलं, "काय हो, कोण गेला काय?"

"कोण नाय गेला," भाऊ म्हणाले. "आम्ही एक झालो."

दोन-तीन दिवस असे गेले. बोलायला विषयच उरला नाही. हवा, मासळीचे भाव, एकमेकांचा रक्तदाब. शेवटी ठरलं, की दोघांपैकी कोणीतरी विरोधात जायला पाहिजे. कोणी, ते चढ ठरवील. दोघं निघाले. मुनाफ रिक्षा घेऊन मागे पंच म्हणून. आणि मोहित्यांनी पहिल्याच वळणावर, जिथे शाळेतली पोरंसुद्धा उतरत नाहीत, तिथे पाय टेकला. दुसऱ्या दिवसापासून ते विरोधात.

"त्याचा पाय तिथे टेकायचा नव्हता," भाऊ मला पुढे एकदा म्हणाले. "मला माहित्ये. मुद्दाम टेकलान्. ज्या पक्षासाठी बापाच्या वेळेपासून भांडला, तो सोडलान्, कशासाठी? तर मला भांडायला कोणीतरी पाहिजे म्हणून." जरा थांबून म्हणाले, "त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलेला नाय."

पुढे ते पक्ष फुटले, फुटलेले जुळले, जुळलेल्यांनी एकमेकांना न ओळखण्याचं नाटक केलं. या दोघांची युती मात्र पुन्हा कधी झाली नाही.

मतदानाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका निवडणुकीला मोहित्यांच्या डोक्यात हिशेब आला. तू तुझ्या माणसाला मत देणार, मी माझ्या. तुझं मत माझ्या मताला कापणार. म्हणजे आपण दोघं उन्हात रांगेत उभे राहून करतो काय? काहीच नाही. त्यापेक्षा दोघंही घरी बसू. निकाल तोच, आणि दुपारची झोप होईल. भाऊंना पटलं. गडग्यावर, मुनाफच्या आणि माझ्या साक्षीने करार झाला, हातावर हात मारले गेले.

मतदानाच्या दिवशी भाऊंना घरी चैन पडेना. हा मोहित्या दम राखून ठेवणारा माणूस. हा गुपचूप जाऊन मत टाकील आणि मग पाच वर्षं हसत बसेल. दुपारी रस्ते ओस पडल्यावर भाऊ मागच्या पाणंदीने शाळेत गेले. तिथे रांगेत एकच माणूस उभा होता, डोक्यावर टॉवेल घेऊन, तोंड भिंतीकडे करून.

"मोहित्या!"

"तू रे कशाला आलास?"

"तू आलास का ते बघायला."

"मीही त्यासाठीच."

मतदान केंद्रावरच्या बाई हसून हसून बेजार झाल्या असं मुनाफ सांगतो. तो तिथे नव्हता, पण प्रत्यक्षदर्शी असल्यासारखा सांगतो. तेव्हापासून दोघं मतदानाला एकत्र जाऊ लागले, आपापल्या सायकलवरून, एकमेकांवर लक्ष ठेवायला. संध्याकाळी गडग्यावर येऊन भाऊ प्रत्येकासमोर उभे राहायचे. "बोट दाखव." शाई नसलेल्याला त्या दिवशी राजकारणावर बोलायची बंदी. मीही एकदा, कंटाळा करून घरी राहिलो होतो तेव्हा, अख्खी संध्याकाळ पावसापाण्यावर काढली आहे.

मोहित्यांची बायको गेली आणि त्यांचा गुडघाही गेला. मुलगा डोंबिवलीला असतो, चांगला आहे, काळजी घेणारा आहे. तो येऊन वडिलांना घेऊन गेला. निघायच्या दिवशी मोहित्यांनी हिरवी सायकल भाऊंच्या अंगणात आणून स्टँडवर लावली. म्हणाले, "सांभाळ. निवडणुकीला येतोच आहे."

"मत कापायला?"

"मग काय."

त्या दिवसापासून ती सायकल रोज मांडवीला येते. "एका जागी उभी राहिली की गंजते," एवढंच भाऊ सांगतात. गडग्याजवळ काळी लावायची, तिच्याशेजारी हिरवी, आणि हिरवीच्या समोरची गडग्यावरची जागा रिकामी ठेवायची. तिथे कोणी बसलं की भाऊ ओरडत वगैरे नाहीत. त्या माणसाशी ते इतक्या सविस्तरपणे सांडपाण्याच्या गटाराच्या कामाविषयी बोलू लागतात, की तो आपण होऊन उठतो.

आणि दुसरी गोष्ट सुरू झाली. भाऊ स्वतःचं म्हणणं मांडून झालं की जरा थांबत, घोटभर चहा घेत आणि म्हणत, "आता मोहित्याचं ऐका." मग मोहित्यांची बाजू मांडत. सुरुवातीला जरा कुचेष्टेने. पण होता होता ती बाजू ते इतकी चांगली मांडू लागले, की खुद्द मोहित्यांनाही तशी मांडता आली नसती. आम्हाला पटू लागली. मुनाफ एकदा म्हणाला, "भाऊनू, खरा सांगू? मोहितेच बरोबर हायत." त्यावर भाऊ इतके खवळले, की त्याच बाजूची त्यांनी पंधरा-वीस मिनिटं चिरफाड केली. शेवटी दमले. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "तो असता तर आता एकच वाक्य बोलला असता." कोणतं, ते त्यांना काही सुचलं नाही.

"फोन करा ना त्यांना," मी म्हटलं.

"करतो. रोज करतो. पण फोनवर चढ कुठाय, लायब्ररी? तो म्हणतो, होय. मी म्हणतो, बरा. संपला."

मधे आमच्या शहरात सायकलींना बरे दिवस आले. म्हणजे समुद्राकडच्या रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवण्यात आला आणि तो सायकलींचा मार्ग असल्याचं जाहीर झालं. उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांच्या आणि त्यांच्याबरोबरच्यांच्या गाड्या लावायला दुसरीकडे जागा नव्हती, त्यामुळे त्या सगळ्या त्या हिरव्या पट्ट्यावरच लागल्या आणि उद्घाटन बाजूच्या डांबरावर झालं. शहरातले हौशी सायकलवाले अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून रांगेत उभे होते. ज्येष्ठ सायकलपटू म्हणून सत्काराला भाऊंना बोलावलं होतं. भाऊ नेहमीसारखे दोन सायकली घेऊन हजर.

खांद्यावर शाल पडल्यावर भाऊ माइकजवळ गेले. दोन शब्द बोलतील म्हणून सगळे सावरून बसले.

"शाल एकच आणलीत?" भाऊंनी विचारलं.

आयोजक गोंधळले. "म्हणजे, सत्कारमूर्ती तुम्ही एकटेच..."

"सायकली दोन आहेत."

मागे कुजबुज झाली आणि पाहुण्यांसाठी आणलेली शाल निमूटपणे भाऊंच्या हातात आली. ती त्यांनी घडी घालून हिरवीच्या कॅरिअरला नीट अडकवली. खरा प्रसंग पुढेच होता. पुढाऱ्यांना सायकलवरचा फोटो हवा होता. सगळ्यात चकचकीत आणि कपड्यांना डाग न लावणारी म्हणून त्यांच्या माणसांनी हिरवीच निवडली. त्यांनी हात लावायच्या आत भाऊंचा हात सीटवर पडला.

"साहेब, ही रिकामी नाय."

"म्हणजे?"

"हिच्यावर माणूस आहे. तुमच्याच पक्षाचा आहे म्हणा. त्याला विचारतो आणि सांगतो तुम्हाला."

पुढारी हसले. पुढारी हसतात तसे, आधी तोंड आणि मग सवडीने डोळे. त्यांना दुसरी सायकल दिली गेली. चार हात जाऊन ते उतरले आणि गाडीत बसले. संध्याकाळी गडग्यावर मुनाफने भाऊंची खूप चेष्टा केली. "ढकलायचात ना चढावर साहेबांना!" भाऊ हसले नाहीत. शालीला समुद्राची दमट हवा लागेल म्हणून ती त्यांनी शैलावहिनींकडून मागितलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली. "तो आला की देईन," म्हणाले.

आणि नगरपालिकेची निवडणूक लागली.

बरीच वर्षं रखडलेली ही निवडणूक. गडग्यावर नुसता उत्सव असायला हवा होता. उमेदवार कोण, कोणी कोणाचा पत्ता कापला, कालपर्यंत कोणाच्या गाडीत होता आणि आज कोणाच्या. मुनाफ रोज ताज्या बातम्या आणी. भाऊ ऐकत. त्यांच्या प्रभागात उभं कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं की नाही, याची मला शंका आहे. एकदा त्यांच्याच पक्षाचा उमेदवार टपरीवर येऊन पाया पडला, तर भाऊंनी त्याला विचारलं, "डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीला जागा मिळते काय रे?"

हिरवी सायकल त्यांनी पूर्ण खोलून साफ केली. गुडघ्याला त्रास नको म्हणून सीट खाली घेतली. मग वाटलं, सीट खाली घेतलेली बघून मोहित्या चिडेल, म्हणून पुन्हा वर केली. मग पुन्हा खाली.

"भाऊनू," शैलावहिनी म्हणाल्या, "त्यांना बसायला जमल काय आता?"

"नाय जमलं तर हातात धरील. आम्ही तशीही चालतच जायचो."

मतदानाच्या सकाळी भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेच्या फाटकाजवळ उभे. दोन्ही सायकली शेजारी स्टँडवर. मुनाफला त्यांनी स्टेशनवर पाठवलं होतं, मोहित्यांना रिक्षाने इथपर्यंत आणायला. मी मत देऊन बाहेर आलो तर भाऊंनी सवयीने म्हटलं, "बोट दाखव," आणि माझ्या बोटाकडे न बघताच रस्त्याकडे बघू लागले.

मुनाफची रिक्षा आली. रिकामी.

"गाडी आली, भाऊनू. ते नाय आले. सगळे डबे बघितले."

भाऊंनी फोन लावला. मुलाने उचलला. भाऊंना कानाला फोन धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर सुरू असतो, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"भाऊकाका, सॉरी हो. पपा काल रात्री बॅग भरून बसले होते. पण त्यांना प्रवास झेपत नाही आता. आणि तसं यायची गरजही नव्हती. त्यांचं नाव आम्ही मागेच इकडच्या यादीत घेतलं. बूथ आमच्या बिल्डिंगच्या समोरच असतो. त्यांना सांगितलं होतं, पण ते विसरले की काय माहीत नाही. देऊ का त्यांना?"

जरा वेळ नुसतीच खरखर. मग मोहित्यांचा आवाज, पूर्वीपेक्षा बारीक.

"नागू."

"हां."

"विसरलो नव्हतो रे. तुला सांगायचं राहून गेलं."

"बरा."

"हवा आहे काय?"

भाऊंनी हिरवीचं चाक अंगठ्याने दाबलं. ते दगडासारखं टणक होतं.

"पुढल्या चाकात जरा कमी हाय," भाऊ म्हणाले. "भरतो."

फोन बंद झाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मुनाफ म्हणाला, "भाऊनू, जावा आता आत. कापणारा कोण नाय. आज तुमचं मत पहिल्यांदा खरा मोजतील!"

भाऊ हसले. "होय रे, ता पण खरा. जातो. आधी जरा हवा भरून येतो." आणि काळीवर बसून, हिरवी डाव्या हाताने धरून, शाळेच्या फाटकापासून दूर निघाले.

संध्याकाळी गडग्यावर ते नेहमीच्या वेळेला आले. त्यांनी प्रत्येकाचं बोट तपासलं. शैलावहिनींच्या बोटाची शाई चहाच्या भांड्यांत फिकी झाली म्हणून हुज्जत घातली. कोणीतरी विचारलं, "आणि तुमचं, भाऊ?" तर म्हणाले, "मी जन्मात कधी चुकवलंय?" त्यांचा डावा हात हिरवीच्या हँडलवर होता, तसा तो नेहमीच असतो. सांडपाण्याच्या गटाराचा प्रश्न निघाला. भाऊंनी आपली बाजू मांडली. चहा घेतला. मोहित्यांची बाजू त्या दिवशी त्यांनी मांडली नाही.

दिवेलागणीला आम्ही उठलो. माझं घर चढाच्या अर्ध्यावर आहे, भाऊंचं पार वर, म्हणून परतताना आम्ही बरोबर असतो. दोन्ही बाजूंना दोन सायकली धरून भाऊ मधून चालतात. त्या दिवशी चढाच्या पायथ्याशी ते थांबले.

"लायब्ररी, ही जरा धरा. खांदा दुखतोय."

इतक्या दिवसांत त्यांनी ती सायकल कोणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. मी हँडल धरलं. भाऊंनी आपला हात काढून घेतला, आणि रस्त्यावरच्या दिव्यात मला त्यांचं डाव्या हाताचं बोट दिसलं. स्वच्छ होतं.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"आत गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो होतो. रांगेपर्यंत."

"मग?"

"माझ्यापुढे कोण नाय, मागे कोण नाय. बाई म्हणाल्या, या आजोबा." भाऊ दोन पावलं चालले. "तो नसताना माझं एकट्याचं मत आत टाकायचं? ती लबाडी झाली, लायब्ररी. आमचा करार होता. तुमच्यासमोर झालेला. त्या खेपेला दोघांनी मोडला. एकदा तरी पाळायला नको?"

चढ सुरू झाला होता. हिरवी सायकल हलकी होती, आवाज न करता चालत होती. कॅरिअरवर पिशवीतली शाल. मला वाटलं, आता भाऊ त्या सायकलीविषयी काही सांगतील, ती विकायची, की डोंबिवलीला पाठवायची, की कोणाला द्यायची. ते काळी ढकलत राहिले. खांबापर्यंत आम्ही तसेच आलो. तिथे भाऊ सवयीने थांबले, काळीच्या चेनकडे वाकून बघितलं आणि सरळ झाले.

"गप का? चढ आहे. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"गटाराचं. मोहित्याच्या बाजूने."

"मला कुठे येतं ते, भाऊ?"

"नाय आलं तर मी आहे की."

मी बोलू लागलो. मला पक्ष नाही, आणि सायकल ढकलत चढावर बोलायची सवयही नाही. दोन वाक्यांतच दम लागला. तरी मोहिते काय म्हणाले असते ते आठवून आठवून, अडखळत, मी बोलत राहिलो. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. वरच्या वळणावर मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा भाऊ एकदम, पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "चूक. साफ चूक!" आणि आपलं म्हणणं मांडत भराभरा पुढे चालू लागले. मी हिरवीला त्यांच्या शेजारी ठेवत, त्यांना गाठायचा प्रयत्न करत राहिलो.